सगळे टिक असलेला फॉर्म मला नको

१९६३ सालची केस आहे, औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलातली. जुलैमध्ये एक बाई बाळंतपणाला दाखल झाली, त्याच दिवशी मुलगा झाला, तीन दिवसांनी तिची नसबंदीची शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर ताप आणि पोटात असह्य दुखणं सुरू झालं. काही दिवसांनी पुन्हा पोट उघडलं तर आत मॉप, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचा कापडी तुकडा, निघाला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने दावा लावला, खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने तो निकाल फिरवला, आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा खालच्या कोर्टाचाच निकाल उचलून धरला तोपर्यंत १९९६ उजाडलं होतं. पोटात मॉप राहिलाय हाच निष्काळजीपणाचा पुरावा, आणखी वेगळा काय आणायचा, असं साधारण कोर्टाचं म्हणणं.

हे मुद्दाम सांगतेय, कारण ऑपरेशन थिएटरमधल्या सेफ्टी चेकलिस्टचा, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मोठ्याने वाचून तपासायच्या यादीचा, विषय निघाला की लोक लगेच विमानाची आणि उड्डाणाआधी यादी तपासणाऱ्या पायलटची गोष्ट सुरू करतात. मला त्या विमानाचा कंटाळा आलाय. पायलट चुकला तर प्रवाशांबरोबर तोही खाली जातो, आम्ही चुकलो तर संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. आणि आपल्याकडे आपली उदाहरणं असताना दुसरीकडून आणायची गरज काय? मॉप मोजायला एमडी लागत नाही, मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. पोट शिवायच्या आधी कुणीतरी मोठ्याने मोजायचं आणि आकडा जुळत नसेल तर सगळ्यांनी हात थांबवायचे, एवढंच लागतं. आणि हे "एवढंच" फार कठीण आहे, या लेखाचा सगळा विषय तोच आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावांमधल्या नर्सिंग होममध्ये जाऊन भूल द्यायची हा माझा व्यवसाय, अधूनमधून सरकारी रुग्णालयातही बोलावतात. म्हणजे थिएटर माझं नसतं, सर्जन माझे नसतात, सिस्टर माझ्या नसतात, आणि पेशंटला मी पहिल्यांदा बघते ती बऱ्याचदा टेबलावरच. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: प्रसूतीच्या थिएटरमध्ये ही लिस्ट यायलाच पाहिजे, पण आत्ता ती ज्या पद्धतीने येतेय, म्हणजे फाईलला लावायचा एक कागद म्हणून, तशी आली तर न आलेली बरी. कारण खोटा टिक हा कोऱ्या चौकटीपेक्षा वाईट असतो. कोरी चौकट निदान शंका तरी येऊ देते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने जून २००८ मध्ये ही लिस्ट काढली, १९ मुद्द्यांची, एका पानाची. तीन ठिकाणी थांबायचं. भूल द्यायच्या आधी, चिरा मारायच्या आधी, आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याच्या आधी. पेशंट कोण, ऑपरेशन कोणतं, संमती आहे का, भुलीचं मशीन तपासलं का, पल्स ऑक्सिमीटर लावलाय का, ॲलर्जी आहे का, रक्त जाण्याची भीती आहे का. मग सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं, अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलंय का बघायचं, सर्जनला कशाची धास्ती आहे, भूलवाल्याला कशाची, सिस्टरला कशाची ते बोलायचं. शेवटी मोजणी, आणि कुठलं उपकरण अडलं का, पुढे काय काळजी घ्यायची. झालं. या कामाचं नेतृत्व ज्यांनी केलं त्या डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं, पण उमरखेडच्या आजूबाजूच्या थिएटरांत ती लिस्ट मोठ्याने वाचली जाते का हे मात्र कुणी विचारत नाही.

आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत तिची चाचणी झाली, टोरांटो, लंडन, सिॲटल, ऑकलंड अशी श्रीमंत शहरं त्यात होती, तशीच नवी दिल्ली, मनिला, अम्मान आणि टांझानियातलं इफाकारासुद्धा. निकाल जानेवारी २००९ ला छापून आला, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. एवढा मोठा फरक एका कागदाने पडतो हे अनेकांना तेव्हाही पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता, त्यावर पुढे येते. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. लिस्ट वापरणाऱ्या डॉक्टर-नर्सेसना विचारलं तेव्हा जवळपास २० टक्के लोकांना ती वेळखाऊ किंवा कटकटीची वाटत होती, पण तुमचं स्वतःचं ऑपरेशन असेल तर वापरलेली हवी का म्हटल्यावर ९३ टक्के हो म्हणाले.

आता आपल्याकडे बघू. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला, प्रसूती कक्ष आणि प्रसूतीचं थिएटर दोन्ही सुधारण्यासाठी. त्यात थिएटरमध्ये सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट वापरणं अपेक्षित आहे, तपासणीला माणसं येतात, गुण मिळतात, सर्टिफिकेट मिळतं, वर बक्षिसाची रक्कम मिळते. खाजगीत एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन, करायचं म्हटलं तरी हा कागद लागतो. म्हणजे आदेशाच्या पातळीवर विचाराल तर लिस्ट आलेली आहे. भिंतीवर लॅमिनेट केलेली आहे, फाईलमध्ये आहे.

पण भरते कोण आणि कधी? माझ्या बघण्यातलं सांगते, आणि हे कुठल्या एका हॉस्पिटलाबद्दल नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. पेशंट आत येण्याआधीच सिस्टर बाहेर टेबलावर बसून पूर्ण पान टिक करून टाकते, एकाच पेनाने, एकाच झटक्यात, वरपासून खालपर्यंत. मॉपचा काउंट बरोबर, टिक. अजून चिरा मारलेला नाही हां! बाई अजून बाहेर साडी बदलतेय आणि तिच्या पोटातले मॉप मोजून झालेले आहेत. मग सर्जनची सही संध्याकाळी दहा केस पेपरवर एकदम होते. यात सिस्टरला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, तिला त्या दिवशी आणखी किती रजिस्टरं भरायची असतात ती एकदा बघून घ्या म्हणजे कळेल. तिच्यासाठी तो आणखी एक कागद आहे, आणि वरून प्रश्न एकच येतो, फॉर्म भरलेत का?

हा आपल्याच देशाचा दोष आहे असंही समजू नका. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१० मध्ये लिस्ट सक्तीची झाली, हॉस्पिटलांनी आपण ती वापरतो म्हणून आकडे कळवले आणि ते जवळपास पैकीच्या पैकी होते. मग २०१४ मध्ये १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास आला, दोन लाखांवर ऑपरेशनं, आणि मृत्यूचं प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाही. उलट अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात सक्ती नव्हती, ज्यांना करायचं त्यांनी करा, पण शिकवणं, आपापल्या हॉस्पिटलाप्रमाणे लिस्ट बदलणं, थिएटरमधल्या लोकांशी बोलणं यावर काही वर्षं घालवली. ज्या १४ हॉस्पिटलांनी तो कार्यक्रम शेवटपर्यंत नेला तिथे राज्यातल्या बाकीच्या हॉस्पिटलांच्या तुलनेत मृत्यू २२ टक्क्यांनी कमी झाले. दोन्हीकडे कागद साधारण तोच. आता जे स्वतःहून आले ते मुळातच हौशी असणार, त्यामुळे सगळं श्रेय लिस्टला देता येत नाही हा आक्षेप मला मान्य आहे. तरीसुद्धा पैकीच्या पैकी फॉर्म आणि फरक शून्य हे ओंटारिओचं चित्र आपल्या आरोग्य खात्यातल्या प्रत्येक टेबलावर काचेखाली ठेवायला पाहिजे, कारण आपण नेमके त्याच रस्त्याने निघालोय.

बरं, प्रसूतीचं थिएटर हे बाकीच्या थिएटरांसारखं नसतं आणि इथे जशीच्या तशी लिस्ट आणून चिकटवली की ती निरुपयोगी होते. दोन उदाहरणं देते. मूळ लिस्टमध्ये विचारलंय, ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाण्याचा धोका आहे का? हर्नियाच्या पेशंटला हा प्रश्न बरोबर आहे. पण साध्या सुरळीत सिझरमध्येसुद्धा अर्धा लिटर रक्त सहज जातं. म्हणजे प्रत्येक बाईला उत्तर "हो", आणि ज्या प्रश्नाचं उत्तर रोज तेच येतं तो प्रश्न आठवड्याभरात कुणाला ऐकूही येईनासा होतो. दुसरं, चिऱ्याच्या जागेवर खूण केली का. सिझरला कशाची खूण? डावा गुडघा की उजवा गुडघा असं थोडंच आहे. ब्रिटनमध्ये हे लक्षात आल्यावर २०१० मध्ये प्रसूतीसाठी वेगळी लिस्ट काढली. आणि मूळ लिस्टच्या तळाशीच लिहिलंय की तुमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे यात भर घाला, बदल करा. आपण भर काय घातली? वर हॉस्पिटलचा लोगो.

मग इथे विचारायचं काय? वार (प्लासेंटा) कुठे आहे, आधीची सिझर किती. आधीच्या सिझरच्या व्रणावर वार बसलेली असेल तर ती सुटत नाही आणि रक्त नळासारखं जातं, हे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं पण रिपोर्ट नातेवाइकांच्या पिशवीत बाहेर असतो. हिमोग्लोबिन किती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता, अशा बाईचं एक लिटर गेलं तर ते दुसरीच्या दोन लिटरसारखं असतं. रक्ताची पिशवी क्रॉसमॅच झालीये का, म्हणजे तिच्या रक्ताशी जुळवून बघितलीये का, आणि ती आत्ता कुठे आहे. "रक्त अरेंज आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी पुढचा प्रश्न आपोआप विचारते, अरेंज म्हणजे फ्रीजमध्ये की जिल्ह्याच्या गावी ब्लड बँकेत, आणि आणायला कोण गेलंय, आणि गेलाय त्याचा फोन लागतोय का.

बीपी आणि दमा. हे तर मोठ्याने बोललंच पाहिजे. बाळ बाहेर आलं, गर्भाशय आकसत नाहीये, रक्त जातंय, सर्जन गर्भाशय आकसवणारं इंजेक्शन मागतात, ओरडतात "मेथर्जिन द्या". बाईचं बीपी मुळात वाढलेलं असेल तर मेथर्जिनने ते आणखी चढतं, झटका येऊ शकतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मेथर्जिन नको तर कार्बोप्रोस्ट, पण दमा असेल तर तेही नको. ही माहिती सगळ्यांना पाठ आहे, परीक्षेत सगळे लिहून पास झालेत, पण रक्त जात असताना, रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनचा आवाज चालू असताना, इंजेक्शन भरणाऱ्या सिस्टरला या बाईला दमा आहे हे माहीत आहे का, हा प्रश्न आहे. चिरा मारायच्या आधी एकदा सगळ्यांच्या कानावर गेलं असेल की "बीपीची पेशंट आहे, मेथर्जिन द्यायचं नाही" तर ऐनवेळी निदान एक तरी माणूस हात धरेल.

अँटिबायोटिक. पूर्वी सिझरमध्ये नाळ कापल्यावर द्यायचे, बाळाला जाऊ नये म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते चिऱ्याच्या आधी द्या, आईचा जंतुसंसर्ग त्याने कमी होतो. जुनी सवय अजून अनेक ठिकाणी आहे आणि ती कुणी वाईट हेतूने पाळत नाही, फक्त कुणी विचारत नाही. मग बाळाचं. बाकी थिएटरात पेशंट एक असतो, इथे आत जाताना एक आणि बाहेर येताना दोन. बाळाला ऊब देणारा वॉर्मर चालू आहे का, म्हणजे नुसता आहे का नाही, चालू करून गरम झालाय का, बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग आणि मास्क हाताशी आहे का, आणि बाळ रडलं नाही तर ते हातात घेणार कोण, त्या माणसाचं नाव काय? बालरोगतज्ज्ञ "निघालेत" हे उत्तर नाही. मोजणीत योनिमार्गात ठेवलेला गॉझसुद्धा धरायचा, कारण पोट शिवून झालं की पोटातल्या मॉपचा हिशोब लागतो आणि खाली ठेवलेला एक तिथेच राहतो.

आणि सगळ्यात मोठा फरक, जो लिस्ट लिहिणाऱ्यांच्या फारसा डोक्यात नसावा. सिझरची पेशंट जागी असते. मणक्यात इंजेक्शन दिलेलं असतं, कमरेखाली बधिर, पण कान उघडे. ती छताकडे बघत सगळं ऐकत असते. त्यामुळे नाव विचारायला केस पेपर बघायची गरज नाही, तिलाच विचारा, आणि नुसतं "अमुक-अमुक ना?" असं नाही, कारण घाबरलेली बाई कशालाही हो म्हणते. "ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा, आज काय करणार आहेत ते सांगा" असं विचारा. पिशवी बंद करायची म्हणजे नसबंदीची संमती असेल तर तीही तिच्याच तोंडून ऐका, नवऱ्याची किंवा सासूची सही पुरत नाही. काही डॉक्टर म्हणतात की जास्त रक्त जाण्याची भीती वगैरे तिच्यासमोर बोललं तर ती घाबरेल. मी तर तिच्या उशाशीच उभी असते, मला जे दिसतं ते सांगते: थिएटरमधली कुजबूज आणि डोळ्यांनी केलेल्या खुणा यांनी ती जास्त घाबरते. "आपण सगळी तयारी तपासून घेतोय" असं आधी सांगितलं की बहुतेक जणी शांत होतात, एक-दोन जणी तर मधेच सांगतात, "मॅडम, मला त्या अमुक गोळीने अंगावर पुरळ आलं होतं." जे कुठल्याही कागदावर नसतं.

आता नेहमीचा आक्षेप. इमर्जन्सी असते हो, बाळाचे ठोके पडलेत, नाळ खाली आलीये, तेव्हा काय लिस्ट वाचत बसायचं का? नाही बसायचं. अगदी मिनिटांवर आलेल्या केसला चार प्रश्न ठेवा, नाव-ऑपरेशन, ॲलर्जी-बीपी-दमा, रक्त, बाळ घेणारा माणूस, आणि शेवटची मोजणी मात्र कधीही सोडायची नाही, कारण बाळ बाहेर आल्यावर घाई संपलेली असते. पण एक प्रामाणिकपणे सांगा, आपल्या सगळ्या सिझर अशा असतात का? त्याच पाहणीत महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, गोव्यात ३९.५ टक्के, आणि यातल्या कितीतरी तारीख-वेळ ठरवून केलेल्या असतात, मुहूर्त बघून सुद्धा. ज्या केसमध्ये पंचांग बघायला वेळ होता तिथे दोन मिनिटं मोजायला नाहीत हे मला पटत नाही. उलट इमर्जन्सीतच माणूस विसरतो. शांत दिवशी सवय लागली असेल तर धावपळीत ती आपोआप तोंडात येते, एरवी येत नाही.

दुसरा आक्षेप, आमच्याकडे माणसंच तीन असतात, एक सर्जन, एक भूलवाली, एक सिस्टर, मावशी धरून चार, रोज भेटतो, नावं काय सांगायची एकमेकांना? पण रोज भेटतो हे खरं नाही ना. मी आज या गावात, उद्या त्या गावात. सर्जनना मदतीला आलेला मुलगा नवा, कुठल्या पॅथीचा ते त्यालाच विचारावं लागतं. सिस्टर म्हणजे कधी कधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, झालेली, कधी डॉक्टरांनीच तयार केलेली. मी आत गेल्यावर इंजेक्शन कोण भरतंय आणि तिला किती येतं हे मला माहीत नसेल तर माझ्या हातातलं काम धोक्याचं आहे. आणि नाव सांगण्याचा दुसरा फायदा असा की ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलं तो पुढे गरज पडली तर उघडतो. गप्प बसलेला माणूस गप्पच राहतो.

इथे येते ती खरी गाठ. लिस्ट वाचायची कुणी? माझं उत्तर, सिस्टरने. सर्जनने नाही, मीही नाही. कारण ज्याच्या हातात सत्ता आहे तोच प्रश्न विचारणार आणि तोच उत्तर देणार तर मग ती तपासणी कसली. पण आपल्या थिएटरमध्ये सिस्टरने सरांना "थांबा" म्हणायचं ही कल्पनाच करून बघा. समजा काउंटमध्ये एक मॉप कमी येतोय. सर शिवायला लागलेत, बाहेर ओपीडीत चाळीस पेशंट बसलेत, सरांचा मूड सकाळपासून ठीक नाही. ती काय करते? ती पुन्हा मोजते, बादलीत बघते, मावशीला डोळ्याने खूण करते, टेबलाखाली वाकून बघते, आणि तोपर्यंत सरांनी तीन टाके पुढे घातलेले असतात. मग हळूच, "सर, एक मिनिट..." आणि सर म्हणतात "नीट मोज." नीट मोज! म्हणजे चूक तुझ्या मोजण्यात आहे हे आधीच ठरलेलं. बहुतेक वेळा मॉप बादलीतच सापडतो, आणि त्याच अनुभवाने सगळे पुढच्या वेळी आणखी कमी ऐकतात. तिचा पगार सर ठरवतात, सरकारीत असेल तर बदली आणि गोपनीय अहवाल आहे, आणि थिएटरबाहेर सर देवमाणूस म्हणून गावात ओळखले जातात. ही सगळी उतरंड तशीच ठेवून तिच्या हातात एक कागद दिला तर ती काय करेल? आधीच सगळे टिक करून ठेवेल. तिच्या जागी तेच शहाणपणाचं आहे.

म्हणून आदेशात लिहायचं असेल तर फॉर्म भरा असं लिहू नका, असं लिहा की काउंट जुळला नाही आणि सिस्टर थांबा म्हणाली तर थांबणं बंधनकारक आहे, आणि मॉप नंतर बादलीत सापडला तरी तिला कुणी बोलायचं नाही. हे सांगणारा माणूस सिव्हिल सर्जन असला पाहिजे, खाजगीत हॉस्पिटलचे मालक डॉक्टर, आणि सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे. ज्या दोन-तीन नर्सिंग होममध्ये मालकांनीच असं सांगितलंय तिथे मी काम करते तेव्हा फरक जाणवतो, दोन मिनिटांच्या वर वेळ जात नाही, आणि सिस्टरचा आवाज वेगळा असतो.

लिस्टने काय होत नाही हेही बोलायला हवं, नाहीतर मीही त्या अभिमानवाल्यांसारखीच होईन. नॉर्मल बाळंतपणासाठी २९ मुद्द्यांची वेगळी लिस्ट आहे, तिची उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० सरकारी केंद्रांवर मोठी चाचणी झाली, दीड लाखाच्या वर बाळंतपणं, निकाल २०१७ च्या शेवटी आला. गावंडे यांच्याच गटाचं काम. नर्सेसना महिनोन्‌महिने शेजारी उभं राहून शिकवलं, त्यामुळे हात धुणं, बीपी घेणं, योग्य वेळी ऑक्सिटोसिन देणं हे सगळं नक्कीच वाढलं, दोन महिन्यांनी जवळपास ७३ टक्के विरुद्ध ४२. आणि मृत्यू, गंभीर आजार? १५.१ टक्के विरुद्ध १५.३. काही फरक नाही. नर्सेस चांगलं काम करत होत्या, पण पुढे लागणारं रक्त, सिझरची सोय, बाळाचा आयसीयू, वेळेत रेफर होणं हे नव्हतं तर त्या तरी काय करणार. (त्यांनी हा निकाल लपवला नाही, सरळ छापला, हे मला कौतुकाचं वाटतं.)

आपल्याकडे एप्रिल २०२४ च्या अखेरीस भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहात वीज गेल्यावर मोबाईलच्या टॉर्चवर सिझर केलं, जनरेटर चालला नाही, असा आरोप कुटुंबाने केला, त्यात आई आणि बाळ दोघंही गेले. मुंबई शहरात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कर्नाटकात बळ्ळारीला सिझरनंतर एकामागून एक बाळंतिणी दगावल्या आणि संशय सलाइनवर गेला. कुठली लिस्ट जनरेटर चालू करते? कुठली लिस्ट बाटलीतल्या सलाइनची शुद्धता बघते? कुठलीच नाही.

पण इथेच मला लिस्टचा एक उपयोग दिसतो जो कुणीच करत नाही. तिसऱ्या थांब्यावर एक प्रश्न आहे, कुठल्या उपकरणात अडचण आली का? माझ्या पाहण्यात या चौकटीत कायम "नाही" लिहिलेलं असतं. सक्शन मधेच बंद पडतं, उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची पट्टी रंग बदलत नाही, वॉर्मरची एक बाजू थंड, थिएटरच्या मुख्य दिव्यातले दोन बल्ब गेलेले, लाइट गेल्यावर जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत. आणि कागदावर "नाही". का? कारण "हो" लिहिलं तर तपासणीत गुण जातात आणि "मग तुम्ही ऑपरेशन केलंच कसं?" हा प्रश्न लिहिणाऱ्यालाच विचारला जातो. म्हणजे जी एक जागा वरच्यांना खालची परिस्थिती सांगण्यासाठी ठेवलीये तीच आपण भीतीने बुजवून टाकलीये.

माझं म्हणणं हे उलटं करा. टिक मोजू नका, अडचणी मोजा. ज्या थिएटरमध्ये महिनाभर सिझर झाल्या आणि एकदाही काही कमी पडलं नाही, एकदाही काउंट दुसऱ्यांदा करावा लागला नाही, एकदाही अँटिबायोटिक द्यायचं राहिलं म्हणून थांबले नाहीत, तिथे लिस्ट वापरली जात नाही असं सरळ समजा आणि तिथे जाऊन उभं राहून बघा. जिथे अडचणी लिहिल्या जातात तिथे गुण वाढवा, आणि लिहिलेली अडचण किती दिवसांत दूर झाली याचे गुण जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला द्या, सिस्टरला नको. जनरेटर तीन वेळा लिहूनही दुरुस्त झाला नाही तर तो कागद कुणाच्या टेबलावर अडला हे तरी दिसेल. आज एखादी बाई गेल्यावर चौकशी समिती बसते आणि निलंबित होतो तो त्या रात्री ड्युटीवर असलेला माणूस.

डॉक्टर मित्र इथे मला अडवतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली तेव्हापासून कागद म्हटलं की पोटात गोळा येतो. आपणच आपल्या हाताने "सक्शन चालत नव्हतं" असं लिहून ठेवायचं आणि उद्या वकिलाने तेच वाचून दाखवायचं? पण मग सगळे टिक असलेला फॉर्म कोर्टात तुम्हाला वाचवतो असं वाटतं का? बाईच्या पोटात मॉप निघालाय आणि तुमच्या फाईलमध्ये "काउंट बरोबर" असा टिक आहे, तुमच्या सहीचा, आणि वेळेच्या नोंदीवरून दिसतंय की तो भरला तेव्हा ऑपरेशन सुरूच झालेलं नव्हतं. कोरा कागद निष्काळजीपणा दाखवेल, हा खोटेपणा दाखवतो. तरीही अडचणींची नोंद केस पेपरपासून वेगळी ठेवता येईल, पेशंटचं नाव न घालता, थिएटरच्या वहीत, तारीख आणि काय बिघडलं एवढंच. सरकारला हवीये ती माहिती तेवढीच आहे.

ही वही उद्यापासून सुरू करायला मुंबईहून आदेश यायची वाट बघावी लागत नाही, थिएटरच्या खिडकीत ठेवलेलं दोनशे पानी रजिस्टर चालेल. पहिल्या महिन्यात त्यात काय येईल तेही मी सांगू शकते: दिव्याचे बल्ब, सक्शन, वॉर्मर, "रक्त अरेंज आहे" असं सांगितलं पण आलं दोन तासांनी, आणि बहुतेक एक-दोनदा, मॉप एक कमी, पुन्हा मोजले, पेशंटवर टाकलेल्या ड्रेपच्या घडीत सापडला.